दुसऱ्या भागातला आवाज

मिस्त्रीचं गॅरेज आणि माझं सीट-कव्हरचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा होता. त्याने तिकडे पाना खाली टाकला की इकडे माझा हात दचकायचा आणि टाका वाकडा जायचा. त्यावरून आमची अर्ध्या आयुष्याची भांडणं झाली, आणि भांडता भांडताच दोस्ती झाली. त्याला खरं नाव होतं, पण गल्लीत ते कुणी वापरत नव्हतं. बायको ‘अहो’वर भागवायची, बाकी सगळे मिस्त्री म्हणायचे.

उंच, किडकिडीत माणूस. बॉनेटखाली वाकून वाकून खांदे कायमचे पुढे आलेले. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला लागलं की हा हात वर करायचा. “तोंडाने नको. चालू करा.” मग डोळे मिटून ऐकत उभा राहायचा. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघायचं. कधी चुकायचाही, आणि चुकला की दिवसभर स्वतःशी अबोला धरायचा. त्या दिवशी त्याच्याशी बोलायला गेलं तर खांबाशी बोलल्यासारखं वाटायचं.

त्याच्याकडे एक गाडी होती. गडद हिरवी, लांब नाकाची, सहा सिलिंडरची. एका म्हाताऱ्या डॉक्टरची. डॉक्टरांची नजर गेली तेव्हा त्यांनी ती दुरुस्तीला म्हणून आणून ठेवली, आणि परत न्यायला कुणी आलंच नाही. मुलांना विचारलं तर म्हणाली, ठेवून घ्या, आमच्या दारात नुसती जागा अडवते. मिस्त्रीने ठेवून घेतली. रोजचं काम संपलं की हात धुण्याऐवजी तो तिच्याकडे वळायचा. इंजिन उतरवून त्याने जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर एकेक भाग मांडला होता. काही भाग भंगारातून शोधले, काही लेथवर स्वतः उभं राहून करून घेतले. सीटं मी शिवली. एकदा शिवून दिली तर उसवायला लावली. म्हणे मूळच्या गाडीला टाका तिरका होता. मी त्याला शिव्या दिल्या आणि तिरका टाका घातला.

वहिनी त्या गाडीला सवत म्हणायच्या. जेवायच्या वेळी पत्र्याच्या दारातून डोकावून विचारायच्या, “सवत जेवली असेल तर आमच्याकडेही येऊन जा.”

“जेवली,” हा गाडीखालूनच सांगायचा. “आत्ताच ऑइल बदललं.”

ती गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा मी कात्री टाकून बाहेर आलो होतो. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण तो आवाज कळला. एखाद्या भरदार छातीच्या माणसाने तोंड मिटून गुणगुणावं तसा. मिस्त्रीची मुलगी, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणायचो, तेव्हा कॉलेजात होती. ती फोन पुढे धरून सायलेन्सरपाशी उकिडवी बसली होती, आवाज भरून घेत. मिस्त्री गाडीकडे बघत नव्हता. मुलीकडे बघत होता.

पुढे चिमणीला नोकरी लागली ती मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत, आवाजाच्या खात्यात. तिचा पहिला गेम बाजारात आला तेव्हा तिने तो घरी आणला आणि आम्हाला सगळ्यांना खेळायला बसवलं. दिसायला गाड्या इतक्या देखण्या की पत्र्यावर बोट फिरवावंसं वाटावं. मी दोनदा भिंतीवर आपटलो. गाडीला साधा पोचा आला नाही. रबरी चेंडूसारखी उडून ती परत रस्त्यावर. पाऊस पडायचा, पण तो नुसता वरून रंगवलेला. ओल्या रस्त्यावर गाडी कोरड्यासारखीच पळायची. बाकीच्या गाड्या मुंग्यांच्या रांगेसारख्या चालायच्या, कुणाचं कधी चुकायचं नाही. आणि आवाज सगळ्यांचा एक. लहान गाडीला तोच आवाज बारीक केलेला, मोठीला जाड केलेला.

मिस्त्रीने दोन-तीन गाड्या बदलून बघितल्या आणि काही बोलला नाही. न बोलणं हेच त्याचं बोलणं होतं.

गेम खेळणारे मात्र बोलले. ‘दिसायला मोटार, वाजायला मिक्सर,’ असं कुणीतरी लिहिलं आणि ते वाक्य जिथे तिथे पोचलं. एकाने तर स्वयंपाकघरातला मिक्सर आणि हा गेम शेजारी शेजारी चालू करून व्हिडिओ टाकला. त्यावर लाखो लोक हसले. चिमणी खात्यात सगळ्यात खालची. वरच्यांनी सांगितलं तसं तिने तो एकच आवाज कापून-ताणून सगळ्या गाड्यांना बसवला होता. व्हिडिओ तिने घरीच पाहिला, जेवता जेवता. आधी हसली. मग ताट तसंच ठेवून उठली. हे मला मिस्त्रीनेच सांगितलं, आणि सांगताना हातातला स्क्रू-ड्रायव्हर नुसता फिरवत राहिला.

कंपनीने गेमचा दुसरा भाग काढायचं ठरवलं. एका रविवारी चिमणी गॅरेजात टायरवर बसून आम्हाला त्याबद्दल सांगत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर जरा रंग दिसत होता. आता पाऊस पडला की रस्ता निसरडा होणार, आणि गाड्या जाऊन जाऊन मधला पट्टा आधी सुकणार. बाकीचे ड्रायव्हर माणसांसारखे घाबरणार, ब्रेक उशिरा दाबणार, चुकणार. टायर झिजणार. आपटलं तर पत्रा चेपणार, काच तडकणार.

“पहिल्या भागात गाडीला काही म्हणजे काही व्हायचं नाही, बाबा,” ती म्हणाली. “दुसऱ्यात होणार. इंजिन जास्त पिळलं तर ते जाणार.”

“आणि आवाज?” मिस्त्रीने विचारलं.

“प्रत्येक गाडीला स्वतःचा. खऱ्या गाड्यांवरून घ्यायचा. बऱ्याच मिळाल्यात. जुनी सहा सिलिंडरची तेवढी मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे ते हात लावू देत नाहीत.”

एवढंच ती बोलली. तिने मागितलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, “आपली ने.”

“नको बाबा. रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात. ताण येतो.”

“गाडी काय लोणच्यासारखी मुरवत ठेवायला केली का मी?”

वहिनी दारातच होत्या. “बघा भाऊजी,” त्या मला म्हणाल्या, “सवत निघाली नोकरीला.” आम्ही सगळे हसलो. चिमणीही हसली, पण मान हलवत.

आवाज भरायच्या दिवशी मी सोबत गेलो. मोठा रिकामा हॉल, जमिनीत बसवलेले लोखंडी रोलर, एका बाजूला काचेची खोली. गाडीची मागची चाकं रोलरवर घेऊन चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळली होती. आवाज भरणारा माणूस तरुण होता, समजूतदार होता, आपल्या कामात पक्का होता. त्याने एक माइक सायलेन्सरपाशी बांधला, एक एअर फिल्टरजवळ, एक आत, मी शिवलेल्या सीटच्या डोक्यापाशी. माइकांवर केसाळ टोप्या होत्या. मी म्हटलं, गाडीत उंदीर झालेत. मिस्त्री हसला नाही. गाडी त्याने स्वतःच चालवायची हे आधीच ठरलेलं होतं. मी कानांवर आवाज अडवणारं जाड झाकण लावून भिंतीशी उभा राहिलो.

सकाळ फार छान गेली. आधी नुसतं चालू ठेवून, मग हळूहळू वेग चढवत, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबून, मग उतरवत. तरुणाने अंगठा वर केला आणि माइकातून सांगितलं, “काका, झालं. हवं होतं ते सगळं मिळालं.”

तेवढ्यात चिमणीचे मोठे साहेब वरून कॉफीचा कप घेऊन आले. काचेच्या खोलीत जाऊन त्यांनी हेडफोन लावून ऐकलं. माणूस वाईट नव्हता. पहिल्या भागाची सगळी थट्टा त्याच्याच नावावर जमा झाली होती. तो चिमणीला म्हणाला, “छान आहे. फक्त वर चढल्यावर जरा म्हातारी वाटते. किंचाळायला हवी. असू दे, वरचं आपण कॉम्प्युटरवर ताणून घेऊ.”

काचेच्या खोलीतून हॉलमध्ये बोलायचा माइक चालूच राहिला होता. ते गाडीत ऐकू गेलं, आणि मी झाकण काढलं होतं म्हणून मलाही ऐकू आलं.

मिस्त्रीने खिडकीतून मान बाहेर काढली. “ताणून घेतलं की पुन्हा मिक्सर होणार ना?”

मग चिमणीचा आवाज आला. “बाबा, पुरे आहे. खरंच पुरे आहे.”

“एकदाच चढवतो. तुमचं चालू ठेवा.”

तो तरुण काचेच्या खोलीतून धावत बाहेर आला. “काका, गरज नाहीये. जुनं इंजिन आहे.”

“जुनं आहे,” मिस्त्री म्हणाला, “पण माझ्या हातचं आहे.” आणि त्याने त्या पोराच्या दंडावर थोपटलं. तो तरुण आत गेला.

मी झाकण पुन्हा कानांवर घेतलं. मिस्त्रीने गाडी चढवली. सकाळभर ऐकला होता तो आवाज कुठेतरी खाली राहिला आणि त्याच्यातून दुसराच वर आला. माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती. छाती भरून यावी असा आवाज होता तो, खोटं कशाला बोलू. काचेमागे साहेबांचा कप तोंडाजवळ नेता नेता थांबला. तो तरुण मान डोलावायला लागला. आणि चिमणी, जी इतका वेळ दोन्ही हात काचेवर टेकवून उभी होती, ती हसली. घाबरायचं विसरून लहानपणी हसायची तशी हसली. मी पाहिलं. मिस्त्रीचं तोंडही तिकडेच होतं.

तेव्हा ते सुरू झालं. टक. टेबलावर कुणी चमचा वाजवावा एवढं. मी साधा शिवणकाम करणारा माणूस, कानांवर जाड झाकण, तरी मला ऐकू आलं. मग टक, टक, टक, सलग. मला वाटलं आता तो अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढेल. त्याने काढला नाही. आवाज तसाच चढलेला, त्याच्या पोटात ती टकटक. मग आतून काहीतरी फुटलं, खाली काळं ऑइल पसरलं, धूर झाला. इंजिन गप्प झालं तरी रोलर काही वेळ रिकामेच फिरत राहिले.

मिस्त्री उतरला. वाकून त्याने गाडीखाली पाहिलं, ऑइलात दोन बोटं बुडवली, बोटांवर अंगठा घासला. मग उठून त्या तरुणाला विचारलं, “तुमचे माइक खराब नाही ना झाले?”

साहेबांनी फार मनापासून माफी मागितली, भरपाईचं विचारलं. “चालवत मी होतो,” एवढंच मिस्त्री म्हणाला. परत येताना ओढणाऱ्या गाडीत आम्ही दोघं पुढे बसलो होतो. तो सबंध वाटभर आरशातून मागे बघत होता, मागे बांधून आणलेल्या गाडीचं नाक दिसत होतं तिकडे.

इंजिन उघडलं तेव्हा कळलं. पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. माझी मूठ जाईल एवढं भोक. बाकी काहीही नवं करता येतं, पण ती भिंत म्हणजे घराचा पायाच. तशी दुसरी मिळेना. मिस्त्रीने सगळे भंगारवाले पालथे घातले, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना फोन केले. ओतकाम करणाऱ्या एकाने भोक बुजवून बघितलं. थंड होताना बिडाच्या लोखंडाला नवीन तडा गेला. तो बुजवला तर दुसरीकडे गेला. शेवटी तो माणूसच म्हणाला, मिस्त्री, आता माझा हात धजत नाही.

त्यानंतर मिस्त्रीला जे झालं ते एका दिवसात झालं नाही. गिऱ्हाईक यायचं, हा डोळे मिटून ऐकायचा, आणि मग म्हणायचा, “परत चालू करा.” पुन्हा ऐकायचा. “परत.” आणि मग, “नक्की सांगता येत नाही. दुसरीकडेही दाखवून घ्या.” असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही. मी त्याला समजावलं, चिडवलं, एकदा अक्षरशः हात जोडले. तो म्हणायचा, “बरोबर आहे तुझं.” त्याने भांडण सोडलं तेव्हा मला खरी भीती वाटली. पत्र्यापलीकडून पाना पडायचाही बंद झाला होता.

एका दुपारी मी तिथे बसलेलो असताना चिमणीचा फोन आला. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता, चाचरत. त्या दिवशीचं शेवटचं रेकॉर्डिंग साहेबांनी ऐकलं होतं. गेममध्ये इंजिन जातं त्या जागी त्यांना ते हवं होतं. “मी नाही म्हणू शकते, बाबा. तुम्ही सांगा. मी नाही म्हणेन.”

“वापर,” तो म्हणाला. “वाया कशाला घालवतेस?”

फोन ठेवून तो समोरच्या गाडीच्या चाकाचा नट आवळायला बसला. तो आधीच घट्ट होता. मिस्त्री आवळत राहिला, शेवटी बोल्ट मोडून त्याच्या हातात आला.

दुसरा भाग आला आणि गाजला. पहिल्याला नावं ठेवणारेच आता याचे गोडवे गात होते. पाऊस आवडला, चुकणारे ड्रायव्हर आवडले, चेपणारे पत्रे आवडले, पण सगळ्यात जास्त आवाज. डोळे मिटले तरी मागून कोणती गाडी येतेय ते कळतं, असं एकाने लिहिलं. इंजिन जाताना जो आवाज येतो त्याने अंगावर काटा येतो, असं तर पुष्कळांनी. त्या मिक्सरवाल्याने नवा व्हिडिओ केला आणि त्यात मिक्सर कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. चिमणी आवाजाच्या सगळ्या खात्याची प्रमुख झाली.

तिने आम्हाला तिच्या घरी बोलावलं. वहिनी, मिस्त्री आणि मी. “काका, तुम्हीही त्या दिवशी होतात,” म्हणाली. नवं घर, मोठा पडदा, चारी कोपऱ्यांत स्पीकर. जेवणं झाल्यावर तिने गेम लावला. तिला लावायचा नव्हता, असं मला वाटतं. मिस्त्रीनेच म्हटलं, “दाखव की.”

पडद्यावर एक लाल गाडी आली. बसकी, रुंद, झगमगीत.

“ही कोण?” वहिनींनी विचारलं.

“आपली गाडी गेममध्ये घेता आली नाही, आई. गाडी बनवणाऱ्या कंपनीची परवानगी मिळाली नाही. म्हणून तिचा आवाज हिला दिलाय.”

“म्हणजे गळा तिचा आणि तोंड भलत्याच बाईचं,” वहिनी म्हणाल्या. नेहमीसारखं म्हणायला गेल्या, पण म्हणताना त्यांनी पडद्याकडून तोंड फिरवलं.

मिस्त्रीने ते खेळायचं यंत्र दोन्ही हातांत धरलं, गरम भांडं धरावं तसं. लाल गाडी चालू झाली आणि चारी कोपऱ्यांतून ते गुणगुणणं आलं. मी मान खाली घातली. तो सावकाश चालवत होता. वाटेत पाऊस लागला; त्याने वळणाआधीच वेग कमी केला, सुकलेला पट्टा धरला, गाडी घसरली नाही. पुढचा एक ड्रायव्हर घाबरून बाहेर गेला. “पावसात बरोबर वागते ही,” मिस्त्री म्हणाला. “पहिल्यात असं नव्हतं.” दोन मिनिटं त्याचा चेहरा जुन्या मिस्त्रीसारखा झाला होता. चिमणी खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याऐवजी त्याच्याकडेच बघत होती.

मग सरळ रस्ता आला. त्याने इंजिनाचा काटा लाल रेषेवर नेला आणि तिथेच ठेवला.

टक.

टक, टक, टक, आणि मग ते फुटणं. पडदा धुराने भरला, गाडी थांबली, आणि पुन्हा सुरू करायची खूण आली. मिस्त्रीने बटण दाबलं. लाल गाडी पहिल्यासारखी धडधाकट, सुरुवातीच्या रेषेवर उभी. त्याने पुन्हा काटा लाल रेषेवर नेला. पुन्हा टकटक, पुन्हा धूर, पुन्हा बटण. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले. गाडी भिंतीला घासत होती, ठिणग्या उडत होत्या, त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचे ओठ हलत होते.

“अहो, पुरे,” वहिनी म्हणाल्या.

तो काहीतरी मोजत होता. काय मोजतोय ते मला जरा उशिरा कळलं. पहिली टक आणि शेवटचं फुटणं यांच्यामधला वेळ तो मोजत होता. पाय काढायला आपल्याला किती अवकाश मिळाला होता ते.

“चिमणे,” डोळे न उघडता त्याने विचारलं, “हा आवाज जसाच्या तसा आहे?”

ती दाराशी जाऊन उभी राहिली होती. “नाही बाबा. लांबवलाय. तेव्हा सगळं एकदमच झालं होतं. खेळणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून आम्ही टकटक वाढवली.”

“किती वाढवलीत?”

“बरीच.”

त्याने यंत्र टेबलावर ठेवलं, नीट, सरळ करून. “छान केलंय,” म्हणाला. “पहिल्यापेक्षा खूपच छान.”

निघताना वहिनी आणि मिस्त्री लिफ्टने पुढे गेले. माझी पिशवी राहिली होती, ती द्यायला चिमणी मागे आली. पिशवी तिने माझ्या हातात दिली पण सोडली नाही. “काका, वाढवला नाही,” ती म्हणाली. “अर्धा कापलाय. पूर्ण ठेवला तर खेळणारे कंटाळतात म्हणाले. मीच कापला.” मग पिशवी सोडून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

काही दिवसांनी मिस्त्री माझ्या दुकानात येऊन बसला. मी एका स्कूटरच्या सीटला रेक्झिन ओढत होतो. त्याने दुसरं टोक धरलं आणि विचारलं, “तू होतास तिथे. किती वेळ वाजत होतं रे ते?”

“लगेच झालं,” मी म्हणालो. “कुणाच्या हातात काही नव्हतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्याने गिऱ्हाइकांच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही, तो माझ्यावर काय ठेवणार? “चिमणीही तेच म्हणाली,” तो म्हणाला. “चांगली माणसं आहात तुम्ही दोघं.” मग रेक्झिन ताणून धरत, अगदी साध्या आवाजात, “पहिली टकच ऐकू आली होती मला. पण काचेमागे ती हसत होती. पाय काढला तर ते हसू जाईल, एवढंच डोक्यात आलं. दुसरं काही आलंच नाही.”

मी खिळे ठोकत राहिलो.

पावसाळ्याच्या आधी त्याने गाडीचा सांगाडा भंगारवाल्याला दिला. मला आधी सांगितलं नाही. मी दुकान उघडायला आलो तेव्हा ती क्रेनच्या साखळीला लोंबत होती. माझी सीटं त्याने काढून माझ्या दाराशी आणून ठेवली होती. वहिनी गॅरेजच्या पायरीवर उभ्या होत्या. “सवत गेली की बाई मोकळी होते म्हणतात, भाऊजी,” एवढं म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून घरात निघून गेल्या. मिस्त्री क्रेनवाल्याला हाताने दाखवत होता, डावीकडून घ्या, भिंतीला लागेल.

गॅरेज त्याने सोडलं. आता तिथे एक जण मोबाईलची कव्हरं विकतो. मिस्त्री घरीच असतो. मी अधूनमधून जातो. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, खाली रस्त्यावरून गाड्या जातात तेव्हा तो उठून खिडकी लावून घेतो. उकडत असलं तरी.

चिमणी महिन्या-दोन महिन्यांनी येते. कंपनीत तिसऱ्या भागाचं काम सुरू झालंय. ते मला बाहेरून कळलं, घरात तिने अजून सांगितलेलं नाही. बापलेक भांडत नाहीत. त्याने तिला कधी बोल लावला नाही, आणि तिने कधी माफी मागितली नाही, कारण मागितली तर त्याला काहीतरी बोलावं लागेल. वहिनी मला परवा म्हणाल्या, “पूर्वी एकमेकांवर कशी खेकसायची दोघं. आता इतकं गोड बोलतात, भाऊजी, की मला ऐकवत नाही.”

मागच्या वेळी मीही तिथे होतो. चिमणीने त्याच्या पाठीसाठी एक आरामखुर्ची आणली, मागे झुकणारी. तिनेच ती जोडली, जमिनीवर बसून, स्क्रू आवळत. त्याने मदत केली नाही, बघत राहिला. जोडून झाल्यावर तो खुर्चीत बसला, खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि म्हणाला, “थँक्यू.”

मुलीला. स्वतःच्या मुलीला, जिच्या हातून त्याने आयुष्यभर पाण्याचा तांब्या नुसता ओढून घेतला होता.

“तुम्हाला आवडली ना, बाबा?”

“हो, हो. छान आहे. थँक्यू.”

वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. ते ऐकून त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसल्या. बाहेर चिमणी खुर्चीचं रिकामं खोकं दुमडत होती, आणि तो तिला सांगत होता की सावकाश, घाई नाही, हाताला लागेल.